रात्रीची झोप आणि मनाचे आरोग्य : साथीच्या दिवसांवरून एक पाठ



कोव्हिडची साथ आली आणि गेली, असे आता आपण बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी त्या रोगास जागतिक महामारी म्हटले, आणि ५ मे २०२३ रोजी त्यासंबंधीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. दुकाने उघडली, शाळा भरू लागल्या, परतूरचा बाजार पूर्ववत् गजबजला. तथापि खेड्यापाड्यांतून फिरत असता आम्हांस असे आढळते की, पुष्कळ घरांतून त्या दिवसांनी एक वस्तू नेली, ती अजून परत आलेली नाही. ती वस्तू म्हणजे रात्रीची झोप होय.

आपल्या लोकांत मनाच्या आजाराविषयी बोलण्याची फार लाज आहे. मन खिन्न आहे असे उघड सांगणारा मनुष्य विरळा. लोक आपणांस वेडा म्हणतील असे भय त्यास वाटते. परंतु रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हे तो पारावर बसून चारचौघांतही सांगतो. म्हणून ह्या पाठात आम्हांस मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. झोप ही मनाच्या घराची ओसरी आहे. कोणाच्या घरात एकदम शिरण्याचा संकोच वाटला, तर आपण ओसरीवर बसून विचारपूस करतो. त्याप्रमाणेच, दुःखी मनुष्याच्या मनापर्यंत पोहोचावयाचे असेल तर त्याच्या झोपेची विचारपूस आधी करावी.

१. आपल्या लोहमार्गावरील एक रात्र

परतूर ज्या लोहमार्गावर आहे, तोच मार्ग पुढे जालन्यावरून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, व मनमाड ह्यांकडे जातो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली होती व उतारूंच्या गाड्या बंद होत्या. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारे २० मजूर, मूळचे मध्यप्रदेशातील शहडोल व उमरिया ह्या जिल्ह्यांकडचे, ७ मे २०२० च्या सायंकाळी पायीच निघाले. भुसावळेस गावाकडे जाणारी गाडी मिळेल अशी त्यांस आशा होती. तीस-चाळीस किलोमीटरांची वाट रुळांच्या कडेने तुडविल्यावर करमाडजवळ ते थकून बसले, आणि गाड्या बंदच आहेत अशा समजुतीने त्यांतील बहुतेक रुळांवरच झोपी गेले. ८ मे रोजी पहाटे पाच वाजून गेल्यावर एक रिकामी मालगाडी तेथून आली. १६ माणसे मृत्यू पावली. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली, ती त्यांच्या डोळ्यांपुढून अजून गेलेली नाहीत.

हे दुःख आम्ही कोणास दोष देण्याकरिता येथे आठवीत नाही. त्यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. झोप ही मनुष्याच्या इच्छेची दासी नव्हे. ती टाळली तरी टळत नाही. ती आपले देणे वसूल करते, मग जागा कोणतीही असो. भूक लागलेल्या मनुष्यास आळशी कोणी म्हणत नाही. तसेच, झोपेची भूक हीदेखील देहाची खरी भूक आहे. आणि जेव्हा ती दररोज अर्धवट राहते, तेव्हा देह व मन ही दोन्ही खंगू लागतात.

२. झोप कशी येते

झोप आणणाऱ्या शक्ती दोन आहेत. बैलजोडीने एका ओढीने चालले तरच नांगर नीट चालतो; तसेच ह्यांचे आहे.

पहिली शक्ती जागरणाचा भार होय. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढवते. रात्री झोप झाली की तो भार उतरतो. चहा-कॉफीतील कॅफीन त्या द्रव्याचे काम काही तास अडवून धरते. म्हणूनच चहाने तरतरी येते. पण भार काही त्यामुळे नाहीसा होत नाही, तो केवळ जाणवत नाही.

दुसरी शक्ती म्हणजे देहातील घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जेथे एकमेकींस छेदतात, त्याच्या किंचित वर मेंदूत त्याचे स्थान आहे. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला म्हणजे ह्या घड्याळाची रोज नव्याने जुळणी होते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, हे फळमाश्यांवरील प्रयोगांनी शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

झोपेला मेंदूत आपले स्वतंत्र स्थान आहे, हे ज्ञानही एका साथीनेच मनुष्यास दिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९१७ साली व्हिएन्ना येथील डॉक्टर फॉन इकॉनोमो ह्यांनी मेंदूच्या एका नव्या साथीच्या आजाराचे वर्णन केले. त्यात काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपत, तर काहींस झोप मुळीच येत नसे. मृतांचे मेंदू तपासून त्यांनी दाखविले की, मेंदूच्या तळाशी एका भागास इजा झाल्यास निद्रा नाहीशी होते, व त्याच्या मागील भागास इजा झाल्यास अतिनिद्रा येते. ह्यावरून उघड होते की, निद्रा म्हणजे केवळ मनाचा खेळ नव्हे. तिला देहाचा आधार आहे.

रात्रभरची झोप एकसारखी नसते. सुमारे दीड तासाचा एक असे चार-पाच फेरे होतात. पूर्वरात्री गाढ झोप अधिक, व पहाटेकडे स्वप्नांची झोप अधिक असते. प्रौढ मनुष्यास सामान्यतः सात तास किंवा त्याहून किंचित अधिक झोप लागते. जो रोज पहाटेची झोप मोडतो, त्याची स्वप्नांची झोप विशेष बुडते. आणि मनातील भावनांची निरवानिरव बऱ्याच अंशी त्याच झोपेत होते असे शास्त्रज्ञ मानतात.

३. साथीने झोप कशी हिरावली

साथीचे भय आपल्या लोकांस नवे नाही. प्लेगच्या दिवसांत गावे ओस पडून लोक रानात झोपड्या करून राहत, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझात हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. तरी २०२० साली एक गोष्ट निराळी होती. जगातील प्रत्येक गावाच्या मृत्यूची वार्ता, मोबाईलच्या द्वारे, आपल्या उशाशी येऊन पडत होती.

त्यात दिवसाचा क्रम मोडला. बाजार बंद, शाळा बंद, मोंढा बंद. उठण्याची घाई नाही म्हणून लोक उशिरा उठू लागले, दुपारी लवंडू लागले, आणि रात्री जागू लागले. म्हणजे जागरणाचा भारही उतरला व देहाचे घड्याळही चुकले. जोडीतील दोन्ही बैल दोन दिशांस ओढू लागले. त्यावर पोटाची काळजी. मराठवाड्यातून ऊसतोडीस गेलेली कुटुंबे कारखान्यांच्या मुलखात अडकून पडली, व एप्रिल २०२० मध्ये सरकारने परवानगी दिल्यावरच त्यांस घराकडे येता आले. पालात अडकलेल्या बापाची झोप जशी गेली, तशीच गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईचीही गेली.

सर्वांत जड गोष्ट म्हणजे शोकास वाट मिळाली नाही. आपल्याकडे मरण आले की गाव जमतो, बायका गळ्यात पडून रडतात, शेजारी भाकरी आणतात. साथीत मोजकी माणसे दूर उभी राहून निरोप देत. जे अश्रू दिवसा चारचौघांत वाहावयाचे, ते रात्री एकट्याच्या उशीत मुरले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये कळविले की, साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंतारोग व खिन्नतारोग ह्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. ज्या देशांत सर्व सोयी आहेत तेथेही हे झाले. मग आपल्या वाड्यावस्त्यांनी स्वतःस दुबळे का समजावे?

येथे आमचाच अनुभव सांगणे उचित आहे. एप्रिल व मे २०२१ ह्या महिन्यांत, दुसरी लाट जोरात असता, आम्हांस एकामागून एक दफनविधी चालवावे लागले. त्यानंतर रात्री दोनच्या सुमारास आम्हांस जाग येऊ लागली. झोप भरून काढावी म्हणून आम्ही आठ वाजताच अंथरुणावर पडू लागलो. जाग आली की मोबाईलवर कोण गेले ते पाहू लागलो. सकाळी सूर्य वर येईपर्यंत पडून राहू लागलो. झोप तर वाढली नाहीच. उलट अंथरुणाचीच भीती वाटू लागली. लहानसहान गोष्टीवरून घरात राग येई. आम्ही दुसऱ्यांस धीर देत होतो, आणि आमच्या मनात मात्र काही उरले नव्हते. शेवटी एका ओळखीच्या डॉक्टरांनी आम्हांस सांगितले, "पाळकसाहेब, झोपेच्या मागे धावू नका. उठण्याची वेळ तेवढी धरा." ते आम्हांस आधी पटले नाही. केल्यावर, सुमारे तीन आठवड्यांनी, पटले.

४. झोप आणि मन ह्यांचे नाते

पूर्वी असे मानीत की, मन आजारी पडल्यामुळे झोप जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. झोप गेल्यामुळेही मन आजारी पडते. ज्यास दीर्घकाळचा निद्रानाश आहे, त्यास पुढे खिन्नतेचा आजार जडण्याचा संभव इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असतो, असे अनेक अभ्यासांवरून दिसून आले आहे. चिंता झोप मोडते, मोडलेली झोप दुसऱ्या दिवशी चिंता वाढवते. हे रहाटगाडगे एकदा फिरू लागले म्हणजे आपोआप थांबत नाही. परंतु ह्यातच आशाही आहे. चाक कोठेही धरले तरी थांबते. नोकरी गेली, माणूस गेले, ह्या गोष्टी आपल्या हाती नाहीत. झोपेची घडी पुन्हा बसविणे हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.

देहासही ह्याचा लाभ आहे. अमेरिकेत १५३ निरोगी स्त्रीपुरुषांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून एक प्रयोग केला गेला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. जे सात तासांहून कमी झोपत, त्यांस सर्दी होण्याचा संभव आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. कोव्हिड व सर्दी हे रोग एक नव्हेत हे खरे. तथापि रोगाशी झुंजण्याची देहाची शक्ती झोपेवर किती अवलंबून आहे, हे त्यावरून कळते.

५. झोप चांगली की वाईट, हे कसे ओळखावे

किती तास झोपलो, एवढेच विचारून भागत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातील डॉक्टरांनी १९८९ साली झोपेच्या परीक्षेसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती आज जगभर वापरतात. तिच्यात झोपेची सात अंगे तपासली जातात. मागील एक महिना ध्यानात आणून आपण ती साध्या प्रश्नांनी अशी विचारू शकतो :

(१) तुम्हांस स्वतःस आपली झोप कशी वाटते?
(२) अंथरुणावर पडल्यावर झोप लागण्यास किती वेळ जातो?
(३) खरोखर झोप किती तास होते?
(४) अंथरुणावर जेवढा वेळ पडता, त्यांतला किती वेळ झोपेत जातो?
(५) खोकला, लघवी, वेदना, उकाडा, वाईट स्वप्ने ह्यांनी झोप किती वेळा मोडते?
(६) झोपेसाठी गोळी घ्यावी लागते काय?
(७) दिवसा काम करताना डुलकी येते काय, किंवा कामात उत्साह वाटत नाही काय?

चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. दहा तास पडून सहा तास झोपणारा मनुष्य, सहाच तास पडून सहा तास झोपणाऱ्याहून अधिक थकलेला दिसतो. कारण उरलेले चार तास तो चिंतेच्या घाण्याला जुंपलेला असतो. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री असे होऊन तीन महिने लोटले, तर तो दीर्घकाळचा निद्रानाश समजावा.

६. काय करावे

पहिले : उठण्याची वेळ एकच ठेवावी. रात्र कशीही गेली असो, ठरलेल्या वेळी उठावे. उठल्यावर अर्धा तास तरी उघड्यावर, उजेडात काढावा. शेतकऱ्यास हे औषध फुकट मिळते. घरात कोंडून घेतलेल्या दुःखी मनुष्यास मात्र हाताला धरून अंगणात आणावे लागते.

दुसरे : झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जावे. सुमारे वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले, तर उठून दुसरीकडे बसावे, मंद उजेडात काही शांत काम करावे, व झोप आली म्हणजे परत यावे. ह्यात घड्याळ पाहू नये. अंथरूण हे झोपेचे ठिकाण आहे, काळजीचे नव्हे, हे देहास पुन्हा शिकवावयाचे आहे.

तिसरे : दुपारी पडावयाचे असेल तर अर्ध्या तासाहून अधिक नको, व तेही तिसऱ्या प्रहरापूर्वी. दुपारनंतर चहा टाळावा. तंबाखू झोप उडवते. दारूने प्रथम गुंगी येते, पण उत्तररात्री झोप मोडते. तिला झोपेचे औषध समजणे ही मोठी चूक आहे.

चौथे : मोबाईल उशाशी ठेवू नये. वार्ता ऐकावयाची ती दिवसा, एकदा किंवा दोनदा ऐकावी. साथीचे आकडे मध्यरात्री पाहिल्याने कोणी वाचत नाही.

पाचवे : चिंतेस दिवसाची जागा द्यावी. दिवेलागणीपूर्वी पंधरा मिनिटे बसून मनातील काळज्या कागदावर लिहाव्या. लिहिता येत नसेल तर घरच्या माणसास सांगाव्या. त्यांपैकी उद्या करता येईल असे जे असेल, त्याच्यापुढे खूण करावी. हे पुष्कळांस हसण्यासारखे वाटेल. पण सांगितलेली काळजी रात्री कमी ओरडते.

शेतीपंपास वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीत मिळते, हे आम्ही जाणतो. ज्यास पाणी देण्यास रात्री जावे लागते, त्याने घरात किंवा भावबंदांत पाळ्या कराव्या, आणि जागरणाच्या दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत सलग झोप घ्यावी. त्या वेळी त्यास कोणी आळशी म्हणू नये. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावाचून कधीही घेऊ नयेत. जो फार घोरतो, झोपेत गुदमरतो व दिवसा पेंगतो, त्याचा आजार निराळा आहे. त्याने डॉक्टरांस दाखवावे.

७. उपदेशकांस दोन शब्द

घरभेटीस गेल्यावर आपण पीक, पाऊस, मुलेबाळे ह्यांची चौकशी करतो. त्यांतच "काका, रात्री झोप कशी लागते?" "मावशी, पहाटे जाग येते का? आली की मनात काय येते?" एवढे विचारण्याची सवय लावून घ्यावी. मग गप्प बसावे. उत्तर येण्यास वेळ लागतो. पुष्कळदा दुसऱ्या भेटीत खरे उत्तर मिळते.

झोप न येणाऱ्यास विश्वास कमी आहे असे म्हणणे फार निष्ठुर होय. एलीया संदेष्टा रानात झाडाखाली मरण मागत पडला होता. तेथे त्यास आधी उपदेश मिळाला नाही. त्यास झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. त्याच्याशी बोलणे झाले ते त्यानंतर. हा क्रम आपण विसरू नये.

मनुष्य दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, जेवण सोडले असेल, कामातून मन उडाले असेल, तर त्यास सरकारी रुग्णालयात घेऊन जावे, सोबत जावे. जगण्याचा कंटाळा आल्याचे तो बोलला, तर स्पष्ट विचारावे की जीव देण्याचा विचार मनात येतो काय. विचारल्याने तो विचार नव्याने शिरत नाही. उलट ओझे हलके होते. अशा मनुष्यास एकटे सोडू नये, आणि घरातील फवारणीचे विष त्याच्या हाती लागणार नाही अशा रीतीने त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस नावाची सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे रात्रंदिवस, पैशावाचून, मराठीत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक मंडळीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

करमाडच्या रुळांवर त्या मजुरांस झोप आली, पण निर्भय जागा मिळाली नाही. आपल्या गावात पुष्कळांस निर्भय जागा आहे, पण झोप नाही. पहिल्यांकरिता आज आपण शोकच करू शकतो; दुसऱ्यांच्या ओसरीवर मात्र आज सायंकाळीच जाऊन बसता येईल.

विचार करण्याकरिता प्रश्न

१. झोप आणणाऱ्या दोन शक्ती कोणत्या? टाळेबंदीत त्या कशा बिघडल्या?
२. अधिक वेळ अंथरुणावर पडून राहिल्याने झोप का वाढत नाही?
३. आपल्या वस्तीत साथीत घरचे माणूस गेलेली घरे कोणती? त्यांस त्यांच्या झोपेविषयी शेवटचे कोणी व केव्हा विचारले?
४. रात्रीच्या पाण्याच्या पाळीमुळे झोप मोडणाऱ्या कुटुंबास मंडळी कोणती मदत करू शकेल?
५. येत्या आठवड्यात कोणत्या दोन घरी आपण जाणार?